होयबाची पायरी

त्याला सगळी गल्ली होयबा म्हणायची, आणि मागून नाही, चांगली तोंडावर म्हणायची. त्याला त्याचं काही वाटत नसे. 'काय होयबा, खुर्ची रिकामी आहे का?' असं कुणी दारातून विचारलं, की आत बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली असली तरी हा आधी 'हो हो, या ना' म्हणायचा आणि मग त्या माणसाला कुठे बसवायचं याचा विचार करायचा. केस कापणं, दाढी करणं आणि हो म्हणणं असे तीन धंदे तो एकाच छपराखाली चालवत होता. त्यातला तिसरा फुकट होता, आणि गिऱ्हाइकांची गर्दी खरं तर त्याच्यासाठीच असायची.

हा तिसरा धंदा त्याला बापाने शिकवला. बाप तरुणपणी मोठा वादपटू होता. एकदा कुणाची तरी दाढी करताना कुठल्याशा निवडणुकीवरून त्याची गिऱ्हाइकाशी जुंपली, आवाज चढला, हात हलला आणि गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीचा बारीकसा तुकडा साबणाच्या फेसात दिसेनासा झाला. त्या दिवसापासून बापाने मतं बाळगणं सोडून दिलं. पोराच्या हातात पहिल्यांदा वस्तरा देताना त्याने एवढंच सांगितलं, "हे बघ, खुर्चीत बसलेला माणूस म्हणेल ते खरं. तो उठला की खुर्चीत पुढचा बसेल. मग तो म्हणेल ते खरं." पोराने हे इतकं मनावर घेतलं, की लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही.

शिवाय दाढीचं तंत्रच असं आहे, की वस्तरा गळ्याशी असताना गिऱ्हाइकाला मान हलवता येत नाही. बोलता येतं, तेही ओठांच्या कोपऱ्यातून. पण आपण बोललो त्याला आपणच मान डोलावण्याचं जे सुख असतं, ते मिळत नाही. ती उणीव होयबा भरून काढायचा. गिऱ्हाइकाने बोलावं आणि त्याच्या वाटणीचं डोलावणंही यानेच डोलवावं, अशी कामाची वाटणी होती. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याची मान अशी सैल झाली होती, की समोर कुणी हनुवटी वर केली की ती आपोआप खाली-वर व्हायची.

घरात 'नाही' म्हणायचं खातं बायकोकडे होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. वर्गणीवाल्याला नाही, उधारीवर दाढी करून जाणाऱ्याला नाही, 'जरा दुकानात बसून पत्ते खेळतो' म्हणणाऱ्यांना तर नाहीच नाही, हे सगळं ती बाहेरच्या पायरीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालता घालता उरकायची. नवऱ्याने आत दिलेला शब्द ती बाहेर परत घ्यायची. असं दोघांचं बरं चाललं होतं.

आता ही पायरी.

बापाने दुकान बांधलं तेव्हा दाराशी तीन पायऱ्या होत्या, काळ्या दगडाच्या, रुंद, मधोमध जराशा झिजलेल्या. गिऱ्हाइकाने चढून आपल्याकडे यावं, असा बापाचा आग्रह. मग रस्ता सुधारला. जुन्या रस्त्यावर नवा थर पडला, लोकांनी वाहवा केली आणि सगळ्यात खालची पायरी रस्त्याने गिळली. काही वर्षांनी रस्ता पुन्हा सुधारला. पुन्हा जुन्यावर नवा थर, पुन्हा वाहवा, आणि मधली पायरी गेली. रस्ता असा सुधारत सुधारत वर येत होता आणि दुकान जागच्या जागी खाली चाललं होतं. आता उरली होती एकच, वरची. तिच्यावर बायको बसायची, म्हातारी गिऱ्हाइकं तिच्यावर टेकून बूट काढायची, आणि रस्त्यावर कुणी बादली ओतली तर पाणी तिला वळसा घालून पुढे जायचं. ती गेली की दुकान रस्त्याच्या खाली जाणार, हे कळायला काही इंजिनिअर व्हायला नको होतं.

आणि त्याच सुमाराला कोपऱ्यावरच्या भिंतीवर फलक लागला: रस्त्याची सर्वांगीण सुधारणा.

सर्वांगीण म्हणजे काय, यावरून गल्लीचे दोन तट पडले. एका तटाचे पुढारी फरशीवाले शेठ. त्यांचं फरशा आणि नळांचं भलं मोठं दुकान होतं, त्यामुळे सुधारणेबद्दल त्यांना आतून कळवळा होता. त्यांना रस्ता हवा होता, दोन्ही बाजूंना रंगीत फरशांचे पदपथ हवे होते, नक्षीचे दिवे, बाकं, झाडांच्या कुंड्या आणि चौकात कारंजं हवं होतं. दुसऱ्या तटाचे पुढारी बँकेतून निवृत्त झालेले काटकसर काका. खड्डे बुजवा आणि घरी जा, एवढंच त्यांचं म्हणणं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे पैसे सांभाळले होते आणि ती सवय काही सुटली नव्हती.

शेठ दाढीला यायचे तेव्हा मान मागे टाकून म्हणायचे, "होयबा, अरे, पाहुणे आले तर लाज वाटते या रस्त्याची. कारंजं पाहिजे की नको, तूच सांग."

"पाहिजे ना शेठ. कारंजं तर पाहिजेच."

"बघ! तुझ्यासारख्या साध्या माणसाला कळतं. त्या काटकसऱ्याला कळत नाही."

होयबा दोघांच्या वाटणीची मान डोलवायचा. शेठ उठून गेले की थोड्या वेळाने काका यायचे, गुडघे धरत पायरी चढायचे, आणि खुर्चीत टेकता टेकताच त्यांचं गुऱ्हाळ सुरू व्हायचं.

"कारंजं म्हणे! इथे नळाला पाणी येताना मारामार, आणि हे चौकात उडवणार. पैसा काय झाडाला लागतो?"

"छे छे, काका. पैसा कुठला."

"खड्डे बुजवले की पुरे आहे की नाही?"

"पुरे म्हणजे काय, वर उरेल."

दोघंही चौकात जाऊन छातीठोकपणे सांगत, की होयबा आपल्या बाजूचा आहे. 'रोज शंभर माणसांशी बोलतो तो, त्याला जनतेची नाडी कळते,' असं दोघंही म्हणत. खरं तर होयबाला फक्त जनतेचा गळा कळत होता. पण त्याच्या 'हो'च्या जोरावर शेठांनी आराखड्यात आणखी एक कारंजं घालून घेतलं आणि काकांनी विरोधाच्या अर्जावर आणखी सह्या मिळवल्या.

बायको हे सगळं दारातून ऐकत होती. एके दिवशी टेप घेऊन रस्ता मोजायला पालिकेचा इंजिनिअर आला, तेव्हा तिने त्याला पायरीवरच गाठला.

"साहेब, एक सांगा. रस्ता आणखी वर येणार का?"

इंजिनिअर भला माणूस होता. उन्हात उभा राहून कंटाळलेला होता आणि इतक्या दिवसांत कुणी त्याला सरळ प्रश्न विचारला नव्हता. "नाही येणार, ताई," तो म्हणाला. "या वेळी जुने थर खरवडून काढायचे, मग नवा टाकायचा, असं आराखड्यात घातलंय मी. उलट खाली जाईल रस्ता. तुमची एखादी पुरलेली पायरी वरसुद्धा येईल."

"नक्की?"

"आराखड्यात आहे तोवर नक्की. सभेत कुणी कात्री लावली तर मग माझा इलाज नाही. कुणीतरी उभं राहून सांगायला पाहिजे, की हे राहू द्या."

त्या रात्री जेवताना बायकोने नवऱ्याला समोर बसवलं. "हे बघा, कारंजी होवोत नाहीतर न होवोत. बाकं, दिवे, कुंड्या, आपल्याला काही देणंघेणं नाही. पण खरवडणं काढायचं कुणी म्हणालं, तर तुम्ही उभं राहून 'नाही' म्हणायचं. दोन अक्षरं आहेत. जमेल?"

"हो," होयबा म्हणाला.

"मेलं हेच तर ऐकवत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

सभा शाळेच्या सभागृहात होती. बसायला मुलांची बाकं, त्यामुळे गल्लीतले सगळे प्रतिष्ठित लोक गुडघे हनुवटीला लावून बसले होते आणि आधीच चिडले होते. समोर टेबलाशी नगरसेवक, शेजारी इंजिनिअर. बायको मागच्या भिंतीशी उभी राहिली आणि होयबाला तिने मुद्दाम पुढच्या बाकावर बसवला, म्हणजे उठायला अडचण नको.

आधी शेठ बोलले. परगावचे रस्ते कसे असतात ते त्यांनी असं रंगवून सांगितलं, की ऐकणाऱ्यांना आपण आजवर जगलो तरी कसे असं वाटायला लागलं. मग काका बोलले. कारंज्यातलं पाणी, दिव्यांची वीज आणि कुंड्यांचा माळी हे सगळं कुणाच्या खिशातून जाणार हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मग दोघं एकदम बोलले. नगरसेवकांनी हात वर करायला सांगितले. शेठांच्या बाजूने हात वर झाले, त्यात होयबाचा होता. काकांच्या बाजूने झाले, त्यातही होता. शेठांनी तो पाहिला नाही कारण ते आपले हात मोजत होते, आणि काकांनी पाहिला नाही कारण तेही तेच करत होते. मतं सारखी पडली.

नगरसेवक या कामात मुरलेले होते. "भांडू नका," ते म्हणाले. "शेठांचं राहील आणि काकांचंही राहील. सगळं करू, पण खर्च कमी करू. सांगा, यातलं काय काढायचं?"

तेव्हा खरी गंमत सुरू झाली. दिवे काढावेत म्हटलं तर दिव्यांना चार जण धावून आले. बाकं काढावीत म्हटलं तर निवृत्त मंडळी, काकांसकट, उठून उभी राहिली. बाकांवर बसणार तीच होती. कुंड्यांना शाळेच्या बाईंचा आधार होता. कारंज्याला हात लावायची तर सोयच नव्हती. प्रत्येक वस्तूला कुणी ना कुणी वाली निघाला. शेवटी कागदावर बोट फिरवता फिरवता नगरसेवक एका ओळीशी थांबले.

"हे काय आहे? जुने थर खरवडणे?"

इंजिनिअर उठून सांगायला लागला, की ते आवश्यक आहे, नाहीतर रस्त्याची उंची वाढते. पण शेठ मध्येच म्हणाले, "खरवडलेलं कुणाला दिसतं का पण? वरून फरशी बसली की झालं." आणि काका म्हणाले, "जे दिसत नाही त्याच्यावर खर्च कशाला?" इतक्या महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकमताचं इतकं कौतुक होतं, की ते कशावर झालंय हे बघायला कुणाला सवड नव्हती.

"कुणाची हरकत?" नगरसेवकांनी विचारलं.

मागच्या भिंतीशी बायको जोरात खोकली.

होयबा उभा राहिला. खरंच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो चारचौघांत, हातात कंगवा नसताना उभा होता, आणि आपले हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. त्याने इकडे तिकडे पाहिलं. सगळे त्याचेच होते. कुणाच्या डोक्यावरचा भोवरा कुठे आहे, कुणाच्या मानेवर कुठे तीळ आहे, कोण टक्कल झाकायला कुठून केस ओढतो, हे सगळं ज्यांचं त्याला ठाऊक होतं, ती माणसं त्याच्याकडे माया करून बघत होती, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाची खात्री होती की हा आपल्याच बाजूने बोलणार.

"बोला, बोला," नगरसेवक म्हणाले. "तुमचं दुकान तर रस्त्याला लागूनच आहे. काढायचं ना हे खरवडणं?"

असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी हनुवटी वर केली.

तिथे घात झाला. गळा समोर आला. आणि तोही वाईट केलेला गळा. कुणीतरी घाईत दाढी केली होती, जबड्याखाली एक पट्टा तसाच राहिला होता. होयबाची नजर त्या पट्ट्यावर गेली. तोंडात आणलेला शब्द तिथेच राहिला आणि मान, ती मेली सैल मान, खाली-वर झाली.

"हो," तो म्हणाला.

"सर्वानुमते!" नगरसेवकांनी टेबलावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नेहमीसारखी पायरीवर बसली, आणि दगडावरून हात फिरवत राहिली. होयबाला वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रस्ता झाला. आधी खडी आली, मग डांबर आलं, मग रंगीत फरशा आल्या, आणि पायरी दिसेनाशी झाली. नुसती दिसेनाशी झाली नाही. दुकानाचं दार बाहेर उघडायचं, ते एके सकाळी फरशीला अडून उघडेचना. होयबा आत आणि गिऱ्हाइकं बाहेर, अशी बराच वेळ दारातून ढकलाढकली झाली. शेवटी सुताराला बोलावून दार खालून कापून घेतलं. आता आत यायचं तर खाली उतरावं लागत होतं, आणि बाहेर जायचं तर वर चढावं लागत होतं.

सुधारणा मात्र देखणी झाली, यात शंका नाही. दारासमोरच एक कुंडी आली. पालिकेचा टँकर तिला इमानेइतबारे पाणी घालायचा आणि कुंडीला नको झालेलं पाणी उतार बघून थेट दुकानात यायचं. बायको आधी पायरीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालायची, आता दारात उकिडवी बसून फडक्याने पाणी टिपायची. होयबाला खुर्चीमागून पूर्वी रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे दिसत. आता खिडकीतून त्यांचे पाय दिसत होते. थोड्याच दिवसांत तो चपलांवरून माणसं ओळखायला शिकला, आणि त्यातल्या कुठल्या चपला दारावरून सरळ पुढे जातात हेही त्याला दिसायला लागलं. काकांचे तपकिरी बूट एक दिवस दाराशी थांबले. बराच वेळ थांबले. मग वरून आवाज आला, "होयबा, गुडघ्यांना उतरवत नाही रे. मी जातो कोपऱ्यावरच्या दुकानात. मनाला लावून घेऊ नकोस." बूट गेले. त्यांच्या मागून हळूहळू सगळ्या म्हाताऱ्या चपला गेल्या, आणि त्याच त्याच्या रोजच्या चपला होत्या.

कारंज्याच्या उद्घाटनाच्या सकाळी एक जोडी चकचकीत काळे बूट दाराशी आले. उतरताना त्यातला एक घसरला आणि 'अरे अरे' करत नगरसेवक दारातून एकदम आतच आले.

"अंधार आहे रे तुझ्याकडे," ते खुर्चीत बसत म्हणाले. "चांगली घोटून कर. फोटो आहेत आज."

होयबाने टॉवेल बांधला, फेस केला, वस्तरा पट्ट्यावर घासला. गालांची दाढी झाली. नगरसेवकांनी सवयीने हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं, "काय, झकास झाला की नाही रस्ता?"

दारात बायकोचं फडकं थांबलं. वस्तरा गळ्यावर होता, जबड्याखाली, सभेत जिथे तो पट्टा राहिला होता बरोबर तिथे. होयबाची मान हलायला निघाली. निघाली, आणि अर्ध्यावर अडली.

"नाही," होयबा म्हणाला.

नगरसेवकांचे डोळे उघडले.

"हलू नका, साहेब," होयबा अगदी मऊ आवाजात म्हणाला. "लागेल. नाही झाला झकास. माझं दुकान बुडवलंत तुम्ही. बापाने तीन पायऱ्या बांधल्या होत्या, तिन्ही तुमच्या रस्त्याखाली आहेत. माझी म्हातारी गिऱ्हाइकं गेली. ही बाई सकाळ-संध्याकाळ तुमच्या कुंडीचं पाणी उपसते. खरवडायला पाहिजे होतं. तुम्हाला ठाऊक होतं, इंजिनिअरने सांगितलं होतं. जरा डावीकडे वळा."

नगरसेवक डावीकडे वळले. बोलण्याची सोय नव्हती. होयबा बोलत होता आणि त्याचा हात, बापाचा हलला तसा, काडीइतकाही हलत नव्हता. इतकी सफाईदार दाढी त्याने आजवर कुणाची केली नव्हती. शेवटी त्याने तुरटी फिरवली, तोंड पुसलं आणि टॉवेल झटकला.

नगरसेवकांनी आरशात गाल चाचपले. मग ते दाराशी गेले, गुडघ्यावर हात टेकून कसेबसे वर चढले, आणि रस्त्यावर नीट उभे राहिल्यावर त्यांना बोलता आलं. "बघू," ते वरून म्हणाले, "पुढच्या सुधारणेत घालू काहीतरी." काळे बूट कारंज्याच्या दिशेने निघून गेले. थोड्या वेळाने तिकडून टाळ्या ऐकू आल्या.

होयबा वस्तरा धूत होता. बायको त्याच्याकडे बघत होती.

"हेच सभेत म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"सभेत त्यांची मान माझ्या हातात कुठे होती?"

"त्यांची नव्हती," ती म्हणाली. "तुमची तर तुमच्याच खांद्यावर होती ना?"

होयबाने वस्तरा पुसून मिटला. दारातून पाण्याचा एक बारीक ओघळ पुन्हा आत यायला लागला होता. तो खाली बसला आणि तिच्या हातातलं फडकं त्याने घेतलं.

"हो," तो म्हणाला, आणि हे 'हो' त्याने कुणाला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं.